खेळ शिल्लक, वही गहाळ

व्हिडिओ गेमचा वाढदिवस हा काय रविवारच्या पुरवणीचा विषय झाला, असे काही वाचकांना वाटेल. वाटू द्यावे. रहस्यकथेविषयी आणि सिनेमाविषयीही एके काळी जाणती माणसे असेच नाक मुरडत असत. शिवाय हा लेख वाढदिवसाच्या निमित्ताने असला, तरी तो एका गहाळ झालेल्या दप्तराविषयी आहे. आणि दप्तर गहाळ होणे म्हणजे काय, हे बँकेत उभी हयात घालवलेल्या माणसाला निराळे समजावून सांगावे लागत नाही.

'हीरोज ऑफ माइट अँड मॅजिक' ही खेळमालिका १९९५ साली सुरू झाली. २०२५ मध्ये तिला तीस वर्षे पूर्ण झाली. कॅलिफोर्नियातली न्यू वर्ल्ड कम्प्युटिंग ही तिची जन्मदाती कंपनी आणि जॉन व्हॅन कॅनेगम हा तिचा कर्ता. या गृहस्थाने १९८६ साली 'माइट अँड मॅजिक' हा साहसखेळ जवळजवळ एकट्याने रचला होता. १९९० साली त्याने 'किंग्ज बाउंटी' काढला. या दोन्हींच्या संगमातून 'हीरोज' जन्मला. दुसरा भाग १९९६ चा. तिसरा १९९९ चा, आणि अजूनही लोक 'हीरोज' म्हणतात तेव्हा त्यांच्या मनात बहुधा हा तिसराच असतो.

माझ्या घरी तो २००० च्या सुमारास आला. भाच्याने एक सीडी आणली. ती कुठून आणली, असे विचारायची पद्धत तेव्हा नव्हती. अद्भुतरम्य प्रकार मला वाचायलाही फारसा रुचत नाही. ड्रॅगन, परी, हाडांचे सापळे यांच्यात रमायचे माझे वय केव्हाच सरले होते. पण दोन संध्याकाळी भाच्याच्या खांद्यावरून पाहिल्यावर माझ्या ध्यानात आले, की ड्रॅगन हा वरवरचा रंग आहे. आतला खेळ चक्क जमाखर्चाचा आहे.

कसा, ते सांगतो. तुमच्याकडे एक नगर असते, एक सरदार असतो आणि थोडे सैन्य. लाकूड, दगड, पारा, गंधक, स्फटिक, रत्ने आणि सोने अशी सात प्रकारची संपत्ती. ती नकाशावरच्या खाणींतून मिळवायची. नगरात दिवसाला एकच इमारत बांधता येते. तिजोरीत कितीही सोने असो, एका दिवसात दुसरी बांधता येत नाही. या एका नियमावर सगळा खेळ उभा आहे. ग्रामसभेचे उत्पन्न दिवसाला पाचशे मोहरा. अडीच हजार खर्चून तिचे नगरभवन केले की हजार, आणखी पाच हजार घातले की दोन हजार, आणि त्यावर दहा हजार ओतून राजधानीचे भवन उभारले की दिवसाला चार हजार. आकडे लक्ष देऊन पाहा. तिन्ही पायऱ्यांवर गुंतवणूक बरोबर पाच दिवसांत वसूल होते. रचणाऱ्याने हे ठरवून केले की सहज जुळले, ते तोच जाणे. पण मला त्या माणसाविषयी तिथेच आदर वाटू लागला. अर्थात, वरच्या पायरीआधी बाजार, मंत्रशाळा, लोहारशाळा, किल्ला असे काही ना काही बांधून झालेले असावे लागते. म्हणजे दिवस जातात आणि तोवर शेजारी चालून येतो. आज सैन्य घ्यायचे की उद्याचे उत्पन्न वाढवायचे? 'मामा, आधी हॉल वाढवा, सैनिक नंतर,' असा सल्ला मला सोळा वर्षांचा मुलगा देत असे आणि तो बरोबर असे.

आठवडा सात दिवसांचा. नव्या आठवड्याच्या पहिल्या दिवशी नगरात नवे सैनिक भरतीला उभे राहतात. किल्ला बांधलेला असेल तर दुप्पट. त्यामुळे सातव्या दिवशी जी घाई उडते ती पाहून मला ३१ मार्चची संध्याकाळ आठवे. आठवडा उजाडला की ज्योतिषी फळ जाहीर करतात: हा आठवडा अमक्या प्राण्याचा, त्याची पैदास जास्त. एखाद्या महिन्यात साथीचे भाकीत निघते आणि सर्वांचीच संख्या निम्मी होते. कॅलिफोर्नियात बसून कुणी पंचांग लिहावे, याची मला फार गंमत वाटली. आपल्या ओळखीची मंडळीही या दुनियेत आहेत. तिसऱ्या भागातल्या मांत्रिकांच्या नगरात सहा हातांत तलवारी घेतलेली नागीण आहे. पुढे पाचव्या भागात राक्षस राणी नावाची एक योद्धी आहे. पैसे भरून तिला बढती दिली की तिचा राक्षस राजा होतो. आमच्या बढतीच्या परीक्षांतही माणसे बदलत, पण इतकी नाही.

हा खेळ एकाच संगणकावर पाळीपाळीने खेळता येई. एकाने आपला डाव पुरा करून खुर्ची सोडायची, दुसऱ्याने बसायचे. घरात एकच यंत्र आणि खेळणारे चार, अशा काळाला हे नेमके मानवले. पोलंड, रशिया, युक्रेन या देशांत 'हीरोज'ने जे घर केले, ते मुख्यतः या सोयीमुळे, असा माझा तर्क आहे. पोलंडमध्ये तर २०२२ साली एका कंपनीने लोकवर्गणी गोळा करून तिसऱ्या भागाचा पुठ्ठ्याच्या पटावर खेळायचा अवतार काढायला घेतला. संगणकावरून पुन्हा सारीपाटाकडे!

आता दप्तराकडे येतो.

न्यू वर्ल्ड कम्प्युटिंग १९९६ सालीच थ्रीडीओ या कंपनीच्या ताब्यात गेली होती. १९९९ आणि २००० साली तिसऱ्या भागाच्या दोन पुरवण्या निघाल्या. २००२ साली चौथा भाग आला तो घाईत. अनेकांनी मिळून खेळण्याची सोय पहिल्या आवृत्तीत नव्हतीच, ती मागाहून जोडली गेली. २००३ च्या मे महिन्यात थ्रीडीओने दिवाळखोरीचा अर्ज केला आणि त्याच वर्षी 'माइट अँड मॅजिक' हे नाव, हक्कांसकट, युबीसॉफ्ट या फ्रेंच कंपनीने तेरा लाख डॉलरना विकत घेतले.

बुडीत कंपनीची मालमत्ता विकताना काय होते हे मी जवळून पाहिले आहे. यंत्रांची यादी होते, जमिनीची मोजणी होते, नावाची आणि ट्रेडमार्कचीही किंमत लागते. एका बंद कारखान्याच्या मूल्यांकनाला मी गेलो होतो. तिथे साच्यांची रेखाचित्रे एका कोपऱ्यात गठ्ठा बांधून ठेवलेली होती. ती कुणाच्याच यादीत नव्हती, कारण त्यांना बाजारभाव नव्हता. पुढे रद्दीच्या भावाने ती गेली. यंत्रे ज्याने घेतली, त्याला त्या यंत्रांवर काय बनत असे हे शेवटपर्यंत नीट बनवता आले नाही.

खेळाच्या बाबतीत ही रेखाचित्रे म्हणजे सोर्स कोड. आपण सीडीवर विकत घेतो ते यंत्राला समजेल असे भाषांतर. माणसाने लिहिलेला, माणसाला वाचता येणारा मूळ मजकूर निराळा असतो आणि तो कंपनीच्या कपाटात राहतो. २०१५ च्या जानेवारीत युबीसॉफ्टने तिसऱ्या भागाची नवी, सुस्पष्ट चित्रांची आवृत्ती काढली. लोकांनी उघडून पाहिले तर दोन्ही पुरवण्या गायब. खुलासा असा आला, की पुरवण्यांचा मूळ सोर्स कोड हाती नाही. ज्या वस्तूचे मालक म्हणून आपण पैसे घेतो, तिचे मूळ आपल्यापाशी नाही! १९८५ च्या नियमांप्रमाणे आम्हा बँकवाल्यांना लेजर आठ वर्षे सांभाळावे लागे. मुदत संपली की आम्हीही ते रीतसर नष्ट करत असू, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवे. पण आमच्या लेजरमधून पुन्हा कुणी काही घडवणार नव्हते.

मग हा खेळ तरला कशाने? मालकाने सांभाळला म्हणून नव्हे. २००७ पासून काही मंडळी 'व्हीसीएमआय' या नावाने तिसऱ्या भागाचे संपूर्ण यंत्रच पहिल्या ओळीपासून नव्याने लिहीत आली आहेत आणि लिहिलेले सर्वांसाठी खुले ठेवत आली आहेत. 'हॉर्न ऑफ द अॅबिस' ही रशियन भाषक हौशी गटाची जोडणी २०११ साली प्रथम प्रसिद्ध झाली. तिच्यात समुद्री चाच्यांचे एक सबंध नवे नगर होते, पुढे कारखान्यांचेही आले. मूळ मजकूर नसताना यंत्रभाषेतला प्रोग्रॅम उलटा उलगडत, कुठल्या आकड्याने काय होते हे ताडत, ही माणसे काम करत होती. फाटक्या पोथीचा पाठ ठरवताना जी चिकाटी लागते तीच ही. पैसा नाही, नाव बहुतेक वेळा टोपण.

मालकाने मात्र २००६ च्या पाचव्या भागापासून जुनी दुनिया टाकून 'अशान' नावाची नवीच दुनिया मांडली होती. पाचवा भाग रशियन कंपनीने केला, २०११ चा सहावा हंगेरीतल्या, २०१५ चा सातवा जर्मनीतल्या. पाचव्याला चाहते मिळाले, पुढच्या दोघांविषयी माझ्यासारख्याने न बोलणे बरे. आणि २०२४ साली 'ओल्डन एरा' या नव्या खेळाची घोषणा झाली, तेव्हा त्याची कथा पुन्हा जुन्या दुनियेत नेलेली होती. ज्या दुनियेचे कपाट हरवले होते, तिला गिऱ्हाईक आहे हे मालकाला कळले ते या बिनपगारी मंडळींमुळे, असे मी म्हणेन.

हे ऐकून कुणी म्हणेल, छान झाले, लोकांनी सांभाळले, मग तक्रार कसली? तक्रार अशी, की हे नशीब सगळ्यांना लाभत नाही. अमेरिकेतल्या व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनने २०२३ साली एक पाहणी प्रसिद्ध केली. २०१० पूर्वी त्या देशात निघालेल्या खेळांपैकी ८७ टक्के आज बाजारात रीतसर मिळतच नाहीत. ग्रंथालयांना असे खेळ अभ्यासकांना दूरवरून दाखवू द्यावेत, अशी विनंती तिथल्या कॉपीराइट कार्यालयापुढे होती. २०२४ च्या ऑक्टोबरात ती फेटाळली गेली. आणि हेच कार्यालय प्रोग्रॅमची नोंदणी करताना काय मागते? मोठा प्रोग्रॅम असेल तर पहिली पंचवीस आणि शेवटची पंचवीस पाने. गुपिते असतील तर त्यांतलाही काही भाग झाकायची मुभा. माझ्या कादंबरीची पहिली आणि शेवटची पंचवीस पाने ठेवून कुणी ती जतन केली म्हणाले असते, तर... असो. काही समीक्षकांनी तेवढीच वाचली होती.

आपल्याकडची गत काय? १९८४ च्या दुरुस्तीपासून आपल्या कॉपीराइट कायद्याच्या लेखी संगणकाचा प्रोग्रॅम ही 'साहित्यकृती'च आहे. दुसरीकडे १९५४ च्या कायद्यान्वये प्रत्येक प्रकाशकाला नव्या पुस्तकाची एक प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि एकेक प्रत मुंबईसह आणखी तीन ग्रंथालयांना पाठवावी लागते. माझी ज्या कादंबरीची पहिली आवृत्तीही संपली नाही, तिलाही या कायद्याने कोलकात्यात बिऱ्हाड दिले. प्रोग्रॅमला साहित्य म्हणायचे आणि साहित्याचा हा साधा मान मात्र द्यायचा नाही, हे कसले तर्कशास्त्र?

हा प्रश्न परक्यांचा नाही. याच युबीसॉफ्टने २००८ साली पुण्यात आणि २०१८ मध्ये मुंबईत स्टुडिओ उघडला. 'प्रिन्स ऑफ पर्शिया'च्या एका गाजलेल्या जुन्या खेळाची नवी आवृत्ती या दोन स्टुडिओंनी हाती घेतली होती; २०२२ मध्ये ते काम मॉन्ट्रियलकडे गेले. इथल्या तरुणांनी त्यावर घातलेल्या वर्षांचा लेखी पुरावा सांभाळायला कायदा कुणालाही सांगत नाही.

उपाय मी शोधून काढायची गरज नाही, तो बँकांत कधीचाच रुळला आहे. बँक बाहेरच्या कंपनीकडून महत्त्वाचे सॉफ्टवेअर घेते तेव्हा जाणता अधिकारी करारात एस्क्रोची अट घालतो. म्हणजे सोर्स कोड सीलबंद करून तिसऱ्या, तटस्थ संस्थेकडे ठेवायचा. कंपनी बुडाली किंवा तिने हात वर केले, तरच सील फोडायचे. पैशाच्या व्यवहाराला ही काळजी, तर साहित्यकृतीला का नको? खेळ विक्रीला आला की त्याचा पूर्ण मजकूर राष्ट्रीय ग्रंथालयात सीलबंद जमा व्हावा. मालक बाजारात विकतो आहे तोवर कुणी हात लावू नये. विकणे बंद होऊन ठरावीक वर्षे उलटली, की अभ्यासकांना उघडावे.

कंपन्या म्हणतील, आमची गुपिते फुटतील. बँकेच्या तिजोरीत सीलबंद पाकिटे ठेवणाऱ्यांनाही हीच धास्ती असे. आमच्या एका शाखेत असे एक पाकीट सेफ कस्टडीत होते. ठेवणारे गृहस्थ वारले, मग त्यांचा मुलगा दरवर्षी येऊन शुल्क भरून जाई. मी तिथे होतो तोवर दर तपासणीला ते बाहेर निघे, सील पाहिले जाई, रजिस्टरमध्ये सही होई आणि ते परत आत जाई. आत काय होते, ते मला आजही ठाऊक नाही.