लॅपटॉपच्या पडद्याची निगा हास्यास्पद आहे काय ?

वर्गांत लॅपटॉप उघडण्यापूर्वी जो विद्यार्थी खिशांतून मऊ फडकें काढून त्याचा पडदा पुसतो, झाकण दोन्ही हातांनीं जपून उचलतो, आणि काम आटोपल्यावर तें यंत्र जाड कापडाच्या पिशवींत घालून मगच दप्तरांत ठेवतो, त्याच्याकडे पाहून त्याचे सोबती एकमेकांस डोळे घालतात. हल्लींच्या बोलींत त्यास 'गीक' ही पदवीहि मिळते. मुलांचा विनोद म्हणून ही गोष्ट सोडून देतां आली असती. परंतु या हंसण्याच्या धाकानें कित्येक मुलांनीं पडद्याची काळजी घेणेंच सोडून दिलें आहे, असें आमच्या पाहण्यांत आलें. आणि पडदा फुटल्यावर दुरुस्तीचें बिल हंसणाऱ्यांच्या घरीं न जातां ज्याचा पडदा फुटला त्याच्या आईबापांच्या हातीं पडतें. म्हणून या विषयावर चार शब्द लिहिण्याचें आम्हीं योजिलें आहे.

प्रथम त्या पदवीचाच विचार करूं. 'गीक' हा शब्द इंग्रजींतल्या एका बोलींत मूर्ख माणसास लावीत. पुढें विसाव्या शतकाच्या आरंभीं अमेरिकेंतील जत्रांमधून जिवंत कोंबड्यांचीं मुंडकीं दांतांनीं तोडून दाखविणारा जो खेळकरी असे, त्यास हें नांव मिळालें. तेथून तें कधीं आणि कसें संगणकांत मग्न असणाऱ्या मनुष्याकडे आलें, हा इतिहास मनोरंजक आहे. पण आज तें नांव कित्येक जण मोठ्या दिमाखानें स्वतःच मिरवितात, एवढें सांगितलें म्हणजे पुरे. आमच्या मराठींत त्याच्या जवळचा शब्द शोधूं गेल्यास 'पुस्तकी किडा' आठवतो, आणि त्याहून जुना 'पढतमूर्ख'. समर्थ रामदासांनीं दासबोधांत या पढतमूर्खाचीं लक्षणें सांगण्यास एक स्वतंत्र समास दिला आहे. पढतमूर्ख म्हणजे ज्यास सारें ठाऊक असतें, पण जो त्याप्रमाणें वागत मात्र नाहीं. पडदा नाजूक आहे हें जाणून जो तो जपतो, त्यास हें नांव कसें लागावें, हें आम्हांस कळत नाहीं. तें लागलेंच तर पडदा नाजूक आहे हें ठाऊक असूनहि ज्याच्या लॅपटॉपवर रोज पितळी डबा आदळतो, त्यास लागेल.

आपल्या कामाचें साधन जपणें ही आमच्याकडे नवी गोष्ट नव्हे. तंबोऱ्यास गवसणी घातल्यावांचून घराबाहेर न काढणाऱ्या गवयास कोणी हंसत नाहीं. चष्मेवाला दिवसांतून दहा वेळां कांचा पुसतो, त्यासहि कोणी नांवें ठेवीत नाहीं. जुन्या पोथ्या बासनांत बांधून ठेवीत. आणि पोथी उतरून संपली म्हणजे कित्येक लेखक तिच्या शेवटीं अशी विनंति लिहून ठेवीत कीं, या ग्रंथास तेलापासून जपा, पाण्यापासून जपा, सैल बांधणीपासून जपा आणि अडाण्याच्या हातीं तो देऊं नका. ज्यानें महिनोन्‌महिने मान मोडून अक्षर काढलें त्याची ही कळकळ आहे. तीस आज आपण पूज्य मानतों, आणि तीच कळकळ शेजारच्या बांकावरील मुलानें दाखविली म्हणजे मात्र तोंड दाबून हंसतों !

मग हंसूं येतें तें कशाचें ? आमचें असें मत आहे कीं, तें त्या फडक्याचें नव्हे. वस्तु पुन्हां सहज घेतां येईल असा ज्यांस भरंवसा आहे, त्यांच्या वागण्यांत एक बेपर्वाई असते. आणि ही बेपर्वाई श्रीमंतीची खूण समजून बाकीचेहि तिचें अनुकरण करूं लागतात. फडकें काढणारा मुलगा नकळत कबूल करतो कीं, 'ही वस्तु माझ्या घरीं एकदांच आली आहे.' ही कबुली ज्यांस लाजिरवाणी वाटते ते हंसतात, आणि ज्यांस आपलीहि तीच स्थिति असल्याचें ठाऊक असतें ते अधिक मोठ्यानें हंसतात. मार्च २०२० मध्यें शाळा बंद झाल्या, आणि धडे घरच्या यंत्रांवर येऊं लागले, तेव्हां किती घरांतून एकाच यंत्रावर भावाचा तास सकाळीं, बहिणीचा दुपारीं आणि वडिलांचें काम रात्रीं, अशी पाळी लावावी लागली, तें पालकांस सांगावयास नको. अशा घरीं पडदा फुटणें म्हणजे तिघांचें काम एकदम थांबणें होय. ज्यांच्या घरीं लॅपटॉप हप्त्यांनीं घेतलेला असतो त्यांचा हिशेब तर याहून कठीण असतो; पडदा फुटला तरी हप्ता थांबत नाहीं, आणि कंपनीच्या साध्या हमींत आपल्या हातून झालेली मोडतोड बहुधा येत नाहीं.

येथवर वाचून कांहीं वाचक आम्हांस सर्व प्रकारच्या जपणुकीचे कैवारी समजतील. तसें नाहीं. दूरदर्शन-संचाच्या रिमोटवरची प्लास्टिकची पिशवी पिवळी पडून फाटली तरी जी न काढणारीं घरें आहेत, नव्या फ्रिजच्या दारावरील पातळ कागद वर्षानुवर्षे सोलला न जातां कडेस काळा पडलेला जेथें दिसतो, तेथें जपणूक नसून केवळ संवय आहे. दसऱ्यास लॅपटॉपची पूजा होते, ही चाल आम्हांस गोड वाटते. परंतु हळदकुंकवाची चिमूट आणि अक्षता कळफलकाच्या फटींत शिरल्या म्हणजे पूजकाची भक्ति आणि दुरुस्ती करणाऱ्याची मिळकत या दोहोंची एकदमच वाढ होते. फूल वाहावें, तें झाकणावर वाहावें. एवढें पुरे आहे.

खरा मुद्दा असा आहे कीं, काळजी घेणाऱ्यास ती वस्तु कशानें बिघडते हें ठाऊक असलें पाहिजे. लॅपटॉपचा पडदा म्हणजे एकच जाड कांच नव्हे. नेहमींच्या पडद्यांत सुमारें अर्धा मिलिमीटर जाडीच्या दोन कांचा असतात, आणि त्यांच्यामध्यें द्रवस्फटिक नांवाच्या पदार्थाचा अत्यंत पातळ थर असतो. हा पदार्थ वाहतो द्रवासारखा, पण त्याच्या कणांची मांडणी स्फटिकासारखी शिस्तीची असते. ऑस्ट्रियांतील फ्रीड्रिख रायनित्झर या वनस्पतिशास्त्रज्ञाच्या हें गौडबंगाल १८८८ सालीं प्रथम लक्षांत आलें. त्याचा उपयोग चित्रें दाखविण्याकडे करण्यास मात्र पुढें जवळजवळ ऐंशी वर्षे लागलीं. पडद्यावर बोटानें दाबलें असतां रंगांचे डाग उमटतात, ते ही शिस्त मोडल्यामुळें. थोडा दाब असला तर ती पुन्हां जमते. अधिक दाब असला, किंवा झाकण पिळलें गेलें, तर आंतील कांचच तडकते, आणि ती सांधतां येत नाहीं. म्हणजे लॅपटॉपच्या पडद्याचा मोठा वैरी ओरखडा नव्हे. दाब आणि पीळ हे होत. झाकण एका कोपऱ्यास धरून उचलणें, कळफलकावर पेन्सिल राहिली असतां तें मिटणें, पुस्तकांनीं ठेचून भरलेल्या दप्तरांत यंत्र कोंबणें, आणि गर्दीच्या बसमध्यें तें दप्तर दाराशीं दाबून उभें राहणें, यांनीं पडदे जातात. ज्यास गीक म्हणतात तो मुलगा झाकण मधोमध धरून उचलीत असेल, तर त्यास हंसण्याऐवजीं त्याचा हात नीट पाहून ठेवावा.

पुसण्याची गोष्टहि अशीच आहे. फ्रीड्रिख मोस यानें १८१२ सालीं पदार्थांच्या कठिणपणाची जी १० पायऱ्यांची मोजपट्टी घालून दिली, तीत साधी कांच सुमारें ५.५ वर येते आणि गारेचा दगड ७ वर. आपल्या रस्त्यांवरच्या धुळींत गारेचे बारीक कण असतातच. तेव्हां धूळ न झटकतां शर्टाच्या बाहीनें जोरानें पुसणारा पडदा साफ करीत नसून घांशीत असतो. आणि ज्या पडद्यांस चकाकी नसते त्यांच्यावर बहुधा कांच नसून प्लास्टिकचा पातळ थर असतो, त्याची दशा तर विचारूंच नये. आधीं धूळ हलकेंच झटकावी. नंतर किंचित् ओलसर मऊ फडकें फिरवावें. पाणी पडद्यावर नव्हे, फडक्यावर घ्यावें. खिडक्यांच्या कांचा पुसण्याचीं औषधें आणि नखांचा रंग काढण्याचें द्रव यांस पडद्याजवळहि येऊं देऊं नये. अनेक उत्साही माता हा दुसरा उपाय डाग काढण्यासाठीं करितात, म्हणून मुद्दाम लिहिलें.

अज्ञानाची काळजी नुकसान कशी करते याचें एक उदाहरण थोडें विस्तारानें देतों. जून २०१६ मध्यें फेसबुकचे संस्थापक मार्क झुकेरबर्ग यांनीं इन्स्टाग्रामचे उपयोजक ५० कोटी झाल्याच्या आनंदांत आपलें एक छायाचित्र प्रसिद्ध केलें. त्यांत मागच्या मेजावर एक लॅपटॉप होता, आणि बारीक नजरेच्या लोकांस दिसलें कीं, त्याच्या कॅमेऱ्यावर चिकटपट्टी लावलेली आहे. तोंवर अशी पट्टी लावणाऱ्यास संशयी आणि विक्षिप्त समजत. त्या दिवसापासून तीच गोष्ट दूरदृष्टीची ठरली. (मनुष्य मोठा असला म्हणजे त्याचा विक्षिप्तपणा चालीरीत होतो, हें येथें जातां जातां नमूद करावेंसें वाटतें.) मग बाजारांत कॅमेऱ्यावर बसविण्याचीं सरकतीं झांकणें आलीं आणि लोकांनीं तीं हौसेनें घेतलीं. परंतु नव्या लॅपटॉपांत पडदा आणि कळफलक यांच्यामध्यें जागा अगदीं थोडी असते; मिटतांना सारा दाब त्या इवल्याशा झांकणाच्या जागीं येऊं लागला आणि पडदे तडकूं लागले. शेवटीं २०२० च्या जुलैमध्यें ॲपल कंपनीस आपल्या गिऱ्हाइकांस सांगावें लागलें कीं, कॅमेऱ्यावर असें झांकण ठेवून मॅकबुक मिटूं नका; लावावयाचेंच असेल तर तें छापण्याच्या साध्या कागदाहून, म्हणजे ०.१ मिलिमीटरहून, जाड नसावें. ज्यांनीं तीं झांकणें लावलीं ते निष्काळजी नव्हते. त्यांनीं यंत्राची घडण पाहिली नव्हती, इतकेंच.

याच्या उलट, ज्यांनीं यंत्रच असें घडविलें कीं मुलांस फार जपावें लागूं नये, त्यांचीहि येथें आठवण केली पाहिजे. 'प्रत्येक मुलास एक लॅपटॉप' या नांवाची एक चळवळ अमेरिकेंत निघाली होती. तिचा हिरवापांढरा छोटा संगणक २००७ सालीं आमच्या रायगड जिल्ह्यांतील खैराट या कर्जत तालुक्यांतल्या वस्तीच्या शाळेंतहि आला. त्याचा कळफलक रबरी व एकसंध असल्यामुळें त्यांत धूळ व पाणी सहसा शिरत नसे. त्याचा पडदा उन्हांतहि वाचतां येई. आणि दोन्ही बाजूंचे कानासारखे भाग मिटले म्हणजे तारा खोंवण्याचीं भोंकें आपोआप झांकलीं जात. त्या चळवळीचे सारे मनोरथ सिद्धीस गेले नाहींत. परंतु मूल हें मूल आहे असें गृहीत धरून यंत्र करावें, हा तिचा विचार आजहि आम्हांस आदरणीय वाटतो. दुकानांतला सामान्य लॅपटॉप अशा विचारानें केलेला नसतो. म्हणून तेवढी उणीव मुलाच्या हातानें भरून काढावी लागते.

आतां पालकांस थोडें सांगावयाचें आहे. कांहीं घरांतून पडदा खराब होईल या भयानें लॅपटॉप कपाटांत कुलुपबंद असतो. रविवारीं तो वडिलांच्या देखत तासभर निघतो, आणि धाकट्या मुलीस तर त्यास हात लावण्याचीच मनाई असते, कारण 'ती आपटील.' ही काळजी आम्ही निगेंत धरीत नाहीं. कपाटांतील यंत्रहि म्हातारें होतच असतें : त्याची बॅटरी न वापरतांहि क्षीण होते, आणि त्यांतील प्रणाली जुनी पडत जाते. तीन वर्षांनीं जो अभंग पडदा तुम्ही अभिमानानें दाखवाल, त्याच्यामागचें यंत्र तोंवर निम्म्या कामाचें राहिलेलें नसतें, आणि धाकटीचीं तीं तीन वर्षे मागें येत नाहींत. तिला झाकण कसें धरावें, पिशवी कशी भरावी हें एका दुपारीं शिकवितां येतें. तिच्या हातून कदाचित् एखादा ओरखडा जाईल. जाऊं द्यावा.

विद्यार्थ्यांसहि हेंच लागू आहे. आपला पडदा जपतांना शेजाऱ्याचें बोट लागलें म्हणून जो त्याच्या अंगावर ओरडतो, दोघांनीं मिळून करावयाच्या कामांत यंत्र आपल्याकडेच ओढून घेतो, त्यास सोबती हंसले तर आम्ही त्याची बाजू घेणार नाहीं. हंसण्याजोगें तेथें खरोखरच कांहीं तरी आहे, पण तें फडकें नव्हे.

राहतां राहिली ती पडद्यावर चिकटविण्याची पारदर्शक फिल्म, जिच्याविषयीं मुलें आम्हांस वरचेवर विचारतात. ज्या पडद्यावर बोटानें अथवा लेखणीनें लिहावयाचें असतें, तेथें ती कांहीं उपयोगाची आहे; ओरखड्यांपासून ती वांचविते. ज्यास बोट लावावयाचेंच नाहीं अशा साध्या पडद्यास तिची गरज आम्हांस दिसत नाहीं. दाबापासून ती वांचवीत नाहीं, तिच्याखालीं धुळीचा एखादा कण सांपडला म्हणजे तो रोज डोळ्यांत सलतो, आणि कॅमेऱ्याच्या झांकणाप्रमाणें तीहि मधल्या थोड्या जागेंत आपली जाडी मिळविते. तरीहि ज्यांस ती लावावयाचीच असेल त्यांनीं यंत्राबरोबर आलेलें माहितीपत्रक आधीं वाचावें, पंखा बंद करून धूळ नसलेल्या खोलींत ती लावावी, नंतर झाकण हलकेंच मिटून पाहावें. आणि कोठें अडल्यासारखें वाटलें तर ती त्याच दिवशीं काढून टाकावी.