पुस्तकांची एक पेटी ऊसतोडीला जावी



(ज्या आजी-आजोबांना वाचता येत नाही त्यांना शेजारच्या मुलाने हा लेख वाचून दाखवावा. जरा मोठ्याने.)

माझे मत असे आहे की, आपल्या सिरसाळ्याने शाळेच्या वाचनालयासाठी दरवर्षी वर्गणी काढावी आणि त्यातली एक पेटी ऊसतोडीला जाणाऱ्या मुलांबरोबर द्यावी. कोणी हसेल, म्हणून हे कसे सुचले ते आधी सांगते.

माझी चुलत बहीण पाचवीत आहे. दसरा-दिवाळी झाली की ती काका-काकूंच्या टोळीबरोबर कारखान्याला जाते. हंगामी वसतिगृहात राहा म्हटले, तर फडात धाकट्या भावाला कोण सांभाळणार? मागच्या वर्षी निघताना ती म्हणाली, "ताई, एखादं गोष्टीचं पुस्तक दे की." मी वाचनालयातून माझ्या नावावर पुस्तक घेतले आणि तिच्या बोचक्यात घातले. गुरुजींना सांगितले नाही, ही माझी चूक. पाडव्याच्या सुमारास टोळी परत आली तेव्हा पुस्तकाचे पुठ्ठे निघाले होते, शेवटची दोन पाने गेली होती आणि सगळ्या पानांना चुलीच्या धुराचा वास येत होता. मी रडकुंडीला आले. ती मात्र म्हणाली, "ताई, आमच्या तळावरच्या सात लेकरांनी वाचलं. ज्याला येत नाही त्याला मी वाचून दाखवायचे. पानं गेली तर आम्ही शेवट आमच्या मनानं करायचो." गुरुजींनी पुस्तक उलटसुलट पाहिले, मला रागावले आणि मग खळ आणायला सांगितली.

त्या दिवसापासून मी पैशाचा विचार करू लागले. कारण एक पेटी बाहेर पाठवायची तर इथल्या मुलांसाठी कपाटात पुस्तके उरली पाहिजेत.

सरकार काहीच देत नाही असे आपण पटकन म्हणतो. ते खरे नाही. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यात प्रत्येक शाळेत वाचनालय असावे, त्यात वर्तमानपत्र, मासिके आणि गोष्टीची पुस्तकेही असावीत, असे लिहिले आहे. 2018 साली समग्र शिक्षा योजना आली, तिच्यात वाचनालयासाठी शाळेच्या इयत्तांप्रमाणे वर्षाला 5,000 पासून 20,000 रुपयांपर्यंत अनुदान ठरवले. एक पुस्तक 50 रुपयांचे धरले तर 5,000 रुपयांत 100 पुस्तके येतात. पण पुस्तक फाटते, हरवते, पावसात भिजते, आणि मुले मोठी झाली की त्यांना वेगळी पुस्तके लागतात. म्हणून एकट्या सरकारच्या पैशावर भागत नाही.

यावर बडोद्याचे सयाजीराव गायकवाड महाराज यांनी एक युक्ती काढली होती. ते मूळचे नाशिक जिल्ह्यातल्या कवळाणे गावच्या शेतकऱ्याच्या घरचे. 1910 साली त्यांनी बॉर्डन नावाचे ग्रंथपाल अमेरिकेहून बोलावून घेतले आणि गावोगाव वाचनालये काढली. पैशाची रीत अशी की, गावकऱ्यांनी जेवढी वर्गणी जमवायची तेवढीच रक्कम पंचायतीने घालायची आणि तेवढीच सरकारने. तीन हिस्से! गावाचे पैसे गुंतले की गावाचे लक्षही राहते. आणि जिथे वाचनालय नव्हते तिथे लाकडी पेटीत पुस्तके घालून पाठवत. ही फिरती पेटी ऐकली आणि मला लगेच तळावरच्या कोप्या दिसल्या.

आपले गाव वर्गणीला मागे नाही. हरिनाम सप्त्यात पंगतीसाठी लोक आपण होऊन नाव देतात, कोणाची पंगत कोणत्या दिवशी ते वहीत लिहिलेले असते. तशीच वही वाचनालयाची का असू नये? ज्याने पुस्तक दिले त्याचे नाव पहिल्या पानावर लिहू. ग्रामपंचायतीकडे ग्रामसभेत मागणी करता येईल. शाळा व्यवस्थापन समितीत चारांतले तीन सभासद पालकच असतात आणि शाळेचा आराखडा तीच समिती करते. तेव्हा पालकांनो, त्यात रंगरंगोटी आणि फाटक लिहिताना पुस्तकेही लिहा. नेशनल बुक ट्रस्टची लहान मुलांची मराठी पुस्तके स्वस्त असतात. 'किशोर' मासिक तर बालभारती 1971 पासून काढते आहे.

माझे वडील म्हणाले, "आता मोबाईलवर सगळं फुकट मिळतंय." मिळते, खरे आहे. पण फडात आईचा मोबाईल आईच्याच कंबरेला असतो, आणि ती अंधार पडल्यावर कोपीवर येते.

दुसरी हरकत अशी की पेटी हरवेल. हरवू शकते. म्हणून माझे म्हणणे, पहिल्या वर्षी 20च पुस्तके द्यावीत, यादी दोन प्रतींत करावी, एक गुरुजींकडे आणि एक पेटीच्या झाकणाला आतून चिकटवावी. सांभाळायला मुकादम नको, टोळीतलीच एखादी सहावी-सातवीची मुलगी किंवा मुलगा नेमावा. फाटलेल्या पुस्तकाचा दंड घेऊ नये. दंड लावला तर मुले पुस्तक उघडणारच नाहीत, मी स्वतः घाबरले होते म्हणून सांगते.

टोळ्या निघायच्या आत हे ठरले पाहिजे. पत्र्याची एक ट्रंक आमच्या घरी रिकामी पडली आहे, आईने द्यायला होकार दिला आहे. तिची कडी तुटली आहे, तेवढी कोणीतरी बसवून द्यावी.

— इयत्ता सातवीची एक विद्यार्थिनी