बाबांचं रीळ आणि तीन वायसर

शनिवार सकाळ. क्लायंटचा कॉल नाही, कुणाचं लग्न नाही. जेवायच्या टेबलावर रद्दीतला पेपर अंथरून बाबांचं रीळ खोलून बसलोय. "ते ग्रीजचं प्रकरण आधी गॅलरीत ने" हे आईचं दोनदा सांगून झालंय. तिसऱ्यांदा सांगायच्या आत हात धुतले आणि म्हटलं, विषय निघालाच आहे तर लिहून टाकू.

ऑफिसात मी गरवायला जातो हे सांगितलं की लोक आधी हसतात. "अरे, सिटीलाईटला मिळतात की मासे!" मिळतात. आणि आई तिथूनच आणते, कारण दादर चौपाटीवर उभं राहून मला लागलीच तर शिंगाळी लागते. पण तो मुद्दा नाही.

तर झालं असं. गेल्या महिन्यात बाबांना घेऊन रेवदंड्याला गेलो होतो. भाऊच्या धक्क्यावरून रो-रोत गाडी घातली, मांडव्याला उतरलो आणि अलिबाग करत कुंडलिकेच्या मुखाशी पोचलो. बाबांचा गुडघा गेल्या वर्षी बदलला, त्यामुळे वरळीचे, बँडस्टँडचे खडक आता त्यांना बंद. सपाट काठ हवा. काठी माझी, रीळ त्यांचं, माझ्या जन्माआधीचं. भरती चढत होती. काठी वाकली, दोन-चार हात तंगूस सुटला आणि रीळ अडलं. घट्ट अडलं. जिताडा पाण्याबाहेर उसळला, आम्ही दोघांनी नीट पाहिला, त्याने डोकं झाडलं आणि फट्! संपलं.

तंगूस आठ किलोचा. मासा फार तर चार किलोचा.

बाबा तेव्हा काही बोलले नाहीत. परतताना बोटीवर म्हणाले, "मासा गेला त्याचं काही नाही रे. पण तोंडात गरी आणि मागे वीस हात तंगूस घेऊन फिरतोय तो आता."

मी त्याच रात्री नवीन रीळ कार्टमध्ये टाकलं. 'मॅक्स ड्रॅग १५ किलो' असं ठळक अक्षरात लिहिलेलं. आपली सवयच ना ती, जुनं अडलं की नवीन घ्यायचं. पण 'पे'चं बटण दाबण्याआधी म्हटलं, निदान अडलं का ते तरी बघू. चार वर्षं मेकॅनिकल केलं आणि पोटासाठी कोड लिहितो. डिग्रीला एकदा तरी हवा लागू दे :)

ज्यांनी रीळ कधी खोललेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. मासा ठराविक जोरापेक्षा जास्त ओढायला लागला की तंगूस तुटण्याऐवजी सुटायला हवा, यासाठी जो ब्रेक असतो तो ड्रॅग. साध्या स्पिनिंग रिळात तो स्पूलच्या आतच असतो. एक धातूची चकती, एक फेल्टची, पुन्हा धातूची, अशी उतरंड. धातूच्या काही चकत्या मधल्या दांड्याला अडकलेल्या, काहींचे कान स्पूलच्या खाचेत. वरची कळ आवळली की सगळं दाबलं जातं आणि घर्षण वाढतं. बाईकचा मल्टीप्लेट क्लच बघितलाय ना? तेच, लहान आकारात. अमेरिकेत विल्यम बॉशेनच्या कल्पनेवरून ज्युलियस व्हॉम होफने १९१३ च्या सुमारास असा चकत्यांचा ड्रॅग मोठ्या रिळात बसवला. त्याआधी पळणारं रीळ थांबवायला बहुतेक वेळा चामड्याचा तुकडा आणि अंगठा हाच ब्रेक असायचा.

तारेची रिंग काढली (चिमट्याने, आणि वर एक हात धरून, नाहीतर ती फ्रीजखाली जाते. गेली होती). आतल्या तीन फेल्टच्या वायसरांचा पापड झाला होता. कळ कायम आवळलेली ठेवून आम्ही रीळ वर्षानुवर्षं माळ्यावर टाकलं होतं. फेल्ट दाबला जाऊन मेला, ग्रीज सुकून डिंक झालं आणि मधे मिठाचे कण. म्हणजे दोष रिळाचा नव्हता, आमचा होता.

ऑनसाइटला जाताना बॅग तोलायला घेतलेला हुकचा काटा तंगुसाला बांधला आणि खेचला. सुटायला चार किलो लागले, सुटल्यावर काटा दीडवर आला, पुन्हा अडला, पुन्हा चार. कॉलेजात स्थितिक आणि गतिक घर्षणाची आकृती पाच मार्कांसाठी काढली होती. तो फरक इतका मोठा झाला की रीळ हिसके देतं, आणि तंगूस तुटतो तो हिसक्याने, वजनाने नाही.

मग मी शहाणपणा केला. नागदेवी स्ट्रीटवरून टेफ्लॉनची शीट आणली आणि वायसर कापून बसवले. टेफ्लॉनमध्ये अडणं आणि घसरणं जवळजवळ सारखंच, त्यामुळे हिसके गायब. पण ते इतकं गुळगुळीत की कळ पूर्ण आवळूनही काटा एक किलोच्या पुढे जाईना! बाबा पेपरमागून म्हणाले, "छान. आता मासा स्वतःहून कंटाळेपर्यंत थांबायचं."

शेवटी कार्बन फायबरचे वायसर मागवले. नव्या रिळाच्या किमतीत असे कितीतरी सेट आले असते. धातूच्या चकत्या रॉकेलऐवजी भांड्यांच्या साबणाने धुतल्या, कोरड्या केल्या, खास ड्रॅगचं ग्रीज बोटाने नुसतं पुसल्यासारखं लावलं आणि जास्तीचं फडक्याने काढलं. उतरंडीचा क्रम चुकू नये म्हणून प्रत्येक थराचा फोटो काढा, हे मात्र कळकळीने सांगतो. फेल्टच ठेवायचा असेल तर नवीन फेल्ट ग्रीजमध्ये मुरवूनही उत्तम चालतो. फक्त गंज काढायचा स्प्रे आत मारू नका, ग्रीज धुऊन जातं.

आता काटा सव्वादोनला सुटतो आणि दोनवर राहतो. आठ किलोच्या तंगुसाला दोन किलो म्हणजे पाव हिस्सा. पावाहून फार वर जाऊ नये, कारण वाकलेल्या काठीच्या कड्यांमधलं घर्षण वरून वाढतं. शिवाय तंगूस सुटत जातो तसा स्पूलचा व्यास कमी होतो. ४८ मिलिमीटरचा ४० झाला की तेच दोन किलो २.४ होतात. कळीला हात न लावता!

म्हणून ते '१५ किलो' बघून मला आता हसू येतं. आठ किलोच्या तंगुसावर मी पंधरा किलोचा ड्रॅग आवळणार कधी? जुन्या डिजिटल कॅमेऱ्यांच्या मेगापिक्सेलसारखाच तो आकडा, खोक्यावर छापायला बरा. किती आवळता येतं यापेक्षा पहिलं बोटभर किती अलगद सुटतं ते विचारा, आणि ते खोक्यावर कुठेच लिहिलेलं नसतं. रीळ नवीन घेऊ नका असं मी म्हणत नाही. पण जुन्याचे वायसर न बघता घेतलेलं नवीनही तीन पावसाळ्यांत तसंच अडेल. समुद्रावरून आल्यावर कळ आवळून गोड्या पाण्याची हलकी धार, जोराचा फवारा नाही. वाळलं की कळ पूर्ण सैल करून ठेवायचं. पाच मिनिटांचं काम आहे, आणि ते न केल्याचा भुर्दंड आपल्याला नाही, त्या माशाला पडतो. माझा आक्षेप तिथे आहे.

काल संध्याकाळी बाबांनी तंगूस हाताला गुंडाळून ओढून पाहिला. लहानपणी ते रिळाशिवाय, नुसत्या हातदोरीने गरवायचे, दोरी दोन बोटांतून सोडत. डोळे मिटून दोन-तीनदा ओढलं आणि म्हणाले, "अजून जरा सैल कर. बोट अडतंय."

काटा दोन दाखवत होता. मी कळ अर्धा आटा सैल केली.

आज अष्टमी आहे, भांगाच्या पाण्यात काही लागत नाही म्हणतात. पौर्णिमेच्या उधाणाला पुन्हा रेवदंडा. सोमवारची सुट्टी अजून मंजूर झालेली नाही.