कॉपी द्यायची की पत्ता? बिलिंग सॉफ्टवेअर करून घेण्याआधी हे वाचा

बिलिंग सॉफ्टवेअरचा विषय निघाला की एक प्रश्न हमखास येतो. "सर, कोडिंग डेव्हलपर बघेल, आम्हाला त्यात काय करायचंय?" माझं मत सांगतो. कोड लिहू नका, पण प्रोग्राममध्ये माहिती एकाकडून दुसऱ्याकडे कशी दिली जाते, एवढं मालकाला कळलंच पाहिजे. पैसे तुमचे आहेत!

सी प्लस प्लस भाषेत याचे तीन प्रकार आहेत.

पहिला, व्हॅल्यू. म्हणजे रेटकार्डची झेरॉक्स. तिच्यावर कितीही खाडाखोड करा, मूळ कार्ड तसंच राहतं.

दुसरा, पॉइंटर. म्हणजे मूळ कार्ड कुठे ठेवलंय त्याचा पत्ता लिहिलेली चिठ्ठी. पत्त्यावर जाऊन मूळ कार्ड बदलता येतं. चिठ्ठीवर उद्या दुसरा पत्ताही लिहिता येतो. पण चिठ्ठी कोरीसुद्धा असू शकते, आणि न तपासता ती वापरली की प्रोग्राम बहुतेक वेळा तिथेच बंद पडतो.

तिसरा, रेफरन्स. म्हणजे त्याच कार्डाचं दुसरं नाव. घरी बंड्या, शाळेत संजय, पण पोरगा एकच! हे नाव सुरुवातीलाच जोडावं लागतं आणि नंतर दुसऱ्या कशाला जोडता येत नाही.

डेनिस रिची यांच्या सी भाषेत रेफरन्स नव्हता. मूळ माहिती बदलायची तर पत्ताच पाठवावा लागे. ब्यार्ने स्ट्रॉस्ट्रुप यांनी सी प्लस प्लसमध्ये रेफरन्स आणला.

आता धंद्याचं बघा. 22 सप्टेंबर 2025 पासून शाम्पू, टूथपेस्टवरचा जीएसटी 18 वरून 5 टक्के झाला. 100 रुपयांच्या मालाचं ऑगस्टमधलं बिल 118 चं. सॉफ्टवेअरने जुन्या बिलालाही चालू दराचाच पत्ता दिला असेल, तर तेच बिल आज उघडल्यावर 105 दाखवेल. रिटर्न भरलंय 118 प्रमाणे. उत्तर कोण देणार? तुम्ही!

म्हणून नियम सोपा ठेवा. नवीन बिलाने दर मूळ जागेवरून घ्यावा. बिल झालं की त्या दराची कॉपी त्या बिलात कायमची उतरावी.

आणि पॉइंटर की रेफरन्स? माझं मत रेफरन्सला. माहिती फक्त वाचायची असेल तर त्याला 'कॉन्स्ट' लावा, म्हणजे चुकून बदल होत नाही. पॉइंटर तिथेच, जिथे गोष्ट नसूही शकते. उदाहरणार्थ डिस्काउंट कूपन, सगळ्याच गिऱ्हाइकांकडे नसतं.

काही अनुभवी डेव्हलपर म्हणतात, पॉइंटर बरा, कारण पत्ता देताना '&' चिन्ह दिसतं आणि मूळ माहिती बदलू शकते हे वाचणाऱ्याला कळतं. मुद्दा खरा आहे. पण कोऱ्या चिठ्ठीचा धोका मला त्याहून महाग वाटतो. भर गर्दीत काउंटरवर प्रोग्राम बंद पडला की गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात जातं.

तर शेवटचा हप्ता देण्याआधी एवढं करा. डेमोत एक बिल बनवा. मग कराचा दर बदला. जुनं बिल पुन्हा उघडा आणि एक नवीन बनवा. जुनं जसंच्या तसं राहिलं आणि नव्याने नवा दर घेतला, तरच चेकवर सही करा.