भाडे ताटात उतरते

दिवाळी आटोपली की आमच्यासारख्या तालुक्याच्या डॉक्टरांकडे एक ठराविक गर्दी होते. मुंबई-पुण्याला नोकरीला लागलेली मुले चार दिवसांसाठी गावी येतात आणि आईच्या नजरेतून काही सुटत नाही. ती मुलाला दंडाला धरून दवाखान्यात आणते आणि म्हणते, "बाई, याला जरा तपासा हो. पोट सुटलंय, जिना चढला की धाप लागते, आणि घरी पानावर बसला की म्हणतो भूक नाही." मुलाचे वय अठ्ठावीस-तीस. रक्तदाब वरच्या बाजूला, साखर सीमेवर. मी विचारते, "जेवतोस कुठे?" उत्तर बहुधा एकच असते, "ऑफिसच्या खाली सगळं मिळतं."

या 'सगळं मिळतं'विषयी आज मला लिहायचे आहे. कारण ज्या भागातून ही मुले येतात, त्यातला लोअर परळचा भाग माझ्या चांगल्या ओळखीचा आहे. ऐंशीच्या दशकात मी परळला वैद्यकीय शिक्षण घेत होते. तेव्हा तिथे काय मिळत होते आणि आज काय मिळते, हा फरक केवळ आठवणी काढण्याचा विषय नाही. तो सरळसरळ रक्ततपासणीच्या कागदावर उमटतो.

गिरणगाव म्हणजे लालबाग, परळ, भायखळा, वरळी हा पट्टा. कोकणातून आणि घाटावरून आलेला गडी चाळीतल्या गाळ्यात दहा-पंधरा जणांबरोबर राही, पाळीने झोपे आणि खाणावळीत जेवे. खाणावळ म्हणजे पाटी लावलेले हॉटेल नव्हे. चाळीतलीच एखादी बाई आपल्या दहा बाय बाराच्या खोलीत वीस-पंचवीस गड्यांचा स्वयंपाक करी. चपाती किंवा भाकरी, आमटी किंवा कालवण, भाजी, भात, आणि ठराविक वारी मासळी. पैसे पगाराच्या दिवशी. जेवायला आला नाही तर खाडा धरला जाई. या बायका सावकाराच्या व्याजात अडकत, म्हणून प्रेमा पुरव यांनी १९७५ साली 'अन्नपूर्णा महिला मंडळ' उभे केले आणि त्यांना बँकेचे कर्ज मिळवून दिले.

१८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरणी संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. पुष्कळजण परत आत गेलेच नाहीत. मी परळला पोचले तेव्हा अनेक खाणावळींतले गडी गावाकडे परतले होते. पुढे १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतल्या ५८ क्रमांकाच्या नियमाने गिरण्यांच्या जमिनी विकासासाठी खुल्या झाल्या. महापालिका, म्हाडा आणि मालक यांच्यात त्या वाटायच्या होत्या. २००१ मधल्या दुरुस्तीने ही वाटणी केवळ मोकळ्या जमिनीपुरती उरली आणि मालकांचा वाटा फुगला. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती कायम ठेवली. भोंगे वाजत होते तिथे कचेऱ्यांचे मनोरे आणि मॉल उभे राहिले. फिनिक्स मिलच्या आवारात आज काय आहे, हे तुमच्यापैकी मुंबई पाहून आलेल्यांना सांगायला नको.

दुसरीकडे नाक्यानाक्यावरची इराणी हॉटेले. संगमरवरी टेबल, वाकवलेल्या लाकडी खुर्च्या, ब्रून मस्का आणि चहा. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आणि त्यानंतर इराणातून आलेल्या मंडळींनी ती थाटली. धोबी तलावचे कयानी १९०४ सालचे, बॅलार्ड इस्टेटचे ब्रिटानिया १९२३ सालचे. एके काळी शेकड्यांनी असलेली ही हॉटेले आता मोजकीच उरली आहेत. वीस पैशांच्या, पन्नास पैशांच्या चहावर तासभर बसू देणे त्यांना परवडत होते, याचे एक कारण स्वभावाचे असेल, पण दुसरे कारण कायद्याचे होते. १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने जुन्या जागांची भाडी १९४० च्या पातळीला बांधून टाकली होती. इमारती पाडून नव्या होऊ लागल्या, मुले शिकून दुसऱ्या व्यवसायात गेली आणि ती जागा रिकामी झाली.

आता माझा मुद्दा ऐका. खाणावळवाली आपल्याच खोलीत रांधत होती. तिला दुकानाचे वेगळे भाडे नव्हते. इराण्याचे भाडे गोठलेले होते. म्हणून गिऱ्हाइकाने दिलेल्या रुपयातला मोठा भाग धान्यात, डाळीत, दुधात जाई. आज त्याच रस्त्यावर दुकान उघडणाऱ्याला दर महिन्याला जे भाडे मोजावे लागते, ते डाळ-भाकरी विकून निघत नाही. पालेभाजी निवडायला माणूस लागतो, ती दुसऱ्या दिवशी टिकत नाही आणि जेवणारा माणूस टेबल अडवून बसतो. उलट मैदा, साखर, बर्फ, फेसाळ दूध आणि सॉस स्वस्तात येतात, टिकतात आणि दोन मिनिटांत हातात देता येतात. मालक वाईट असतो असे नाही. तोही हिशोबाला बांधलेला आहे. पण भाडे शेवटी ताटात उतरते आणि ताटातून ते आपल्या पोटात उतरते.

मापाचेही तसेच. इराण्याचा कप लहान, कटिंग तर त्याहून लहान. १९९६ मध्ये वांद्र्याला मॅकडोनाल्ड्स आले, २०१२ च्या ऑक्टोबरात हॉर्निमन सर्कलला स्टारबक्सचे भारतातले पहिले दुकान उघडले. या नव्या पद्धतीच्या दुकानांत लहान, मध्यम, मोठा असे प्याले असतात आणि दहा-वीस रुपये जास्त देऊन पुढचे माप घ्यावे असे कुणालाही वाटते. दुकानदाराचे भाडे तेवढेच राहते, म्हणून त्याला मोठे माप परवडते. आपल्या स्वादुपिंडाला ते परवडत नाही.

हिशोब करून पाहा. रंगीत शीतपेयाच्या ३०० मिलिलिटरच्या बाटलीत साधारण ३० ग्रॅमच्या वर साखर असते, म्हणजे सहा-सात चमचे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली दिलेल्या मार्गदर्शनानुसार वरून घातलेली साखर दिवसाला २५ ग्रॅमच्या आत असावी. म्हणजे एका बाटलीत दिवसाचा कोटा संपून वर उधारी झाली. याच मार्गदर्शनात पानाचा निम्मा भाग भाज्या, कंदमुळे आणि फळे यांनी भरलेला असावा असे म्हटले आहे. ऑफिसच्या खाली मिळणाऱ्या 'सगळ्या'त नेमके हेच सहसा मिळत नाही. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीप्रमाणे आपल्याकडे सुमारे १० कोटी लोकांना मधुमेह आहे आणि त्याच्या उंबरठ्यावर उभे असलेले त्याहून जास्त, सुमारे १३ कोटी ६० लाख आहेत. दिवाळीत माझ्याकडे येणारी मुले या उंबरठ्यावरची आहेत. तिथून माघारी फिरता येते, म्हणून तर हा खटाटोप.

आता कुणी म्हणेल, बाईंना जुने ते सोने वाटते. तसे मुळीच नाही. जुन्या हॉटेलांतली खारी वनस्पती तुपात माखलेली असे आणि त्या तुपातली ट्रान्स फॅट हृदयाच्या रक्तवाहिन्यांची वैरीण. त्यावर २ टक्क्यांची मर्यादा जानेवारी २०२२ पासून आली. कढईतले तेल काळे होईपर्यंत वापरायची रीत जुनीच आहे. तेल किती खराब झाले की फेकायचे याचे माप कायद्याने २०१८ साली ठरवले. इराण्याकडे विडी-सिगारेटच्या धुरात बसावे लागे. सार्वजनिक जागी धूम्रपानबंदी २ ऑक्टोबर २००८ पासून नीट लागू झाली. खाणावळीच्या पानातही भाजी चमचाभर आणि भाताचा डोंगर असे. पण तो गडी आठ तास साच्यावर उभा राही, त्यामुळे तो भात जिरे. आजचा मुलगा दहा तास खुर्चीत बसतो.

आणि बायकांचा विचार केला तर मी नव्या दुकानांची थोडी ऋणीच आहे. खाणावळ गड्यांची होती. इराण्याकडे बाईमाणसासाठी पडद्याआडची फॅमिली केबिन असे, तीही कुणी पुरुष सोबत असेल तर. एकट्या मुलीने हॉटेलात बसून चहा पिणे आमच्या काळी धाडसच होते. आज कॅफेत मुलगी पुस्तक उघडून एकटी बसते. शिवाय तिथे स्वच्छ संडास असतो. हसू नका, ही फार मोठी गोष्ट आहे. बाहेर सोय नाही म्हणून दिवसभर पाणी न पिणाऱ्या आणि मग मूत्रमार्गाच्या संसर्गाने बेजार होणाऱ्या बायका मी वर्षानुवर्षे तपासते आहे. मुंबईत बायकांनी २०११ साली 'राइट टू पी' म्हणून याच हक्कासाठी मोहीम काढली. वाईट एवढेच, की ही सोय कॉफीच्या किमतीबरोबर मिळते. भाजीवालीला ती मिळत नाही.

चकचकीत म्हणजे सुरक्षित, हाही समज नको. २९ डिसेंबर २०१७ च्या रात्री कमला मिलच्या आवारातल्या गच्चीवरच्या पबना आग लागली आणि १४ जण दगावले, त्यांत ११ स्त्रिया. बहुतेकांचा जीव गुदमरून गेला आणि बाहेरची वाट न सापडल्याने अनेकजण संडासात अडकले होते. कुठेही गेलात तरी टेबल निवडण्याआधी बाहेर पडायची दुसरी वाट बघून ठेवा. हाही आरोग्याचाच नियम आहे.

वाचकहो, हे सारे मुंबईचे झाले, आपल्याला काय त्याचे, असे म्हणू नका. आपल्या स्टँडसमोरच्या रस्त्याकडे डोळे उघडून बघा. काचेची दारे आली आहेत, गाळ्यांची भाडी चढू लागली आहेत, आणि जिथे पोळीभाजी मिळत होती तिथे चिनी पदार्थांची आणि केकची दुकाने दिसू लागली आहेत. मुंबईला जे घडायला पन्नास वर्षे लागली ते आपल्याकडे पाच वर्षांत घडेल. मात्र मुंबईचे पाहून शहाणे होण्याची संधी आपल्याला आहे.

माझे म्हणणे असे, की रस्ता निरोगी आहे की नाही हे तीन प्रश्नांवरून ओळखावे. हमालाला किंवा शिकाऊ पोराला परवडेल असे पूर्ण जेवण तिथे मिळते का? काही विकत न घेता पिण्याचे पाणी आणि बायकांना संडास मिळतो का? म्हाताऱ्या माणसाला त्या रस्त्याने चालता आणि मध्ये टेकता येते का? तिन्हींची उत्तरे 'होय' असतील तर खुशाल दहा कॅफे येऊ द्या, मीही जाऊन बसेन. उत्तरे 'नाही' असतील तर सगळे मिळते हे म्हणणे खोटे.

नगरपालिकेला हे अशक्य नाही. तिच्या मालकीचे व्यापारी गाळे असतातच. सगळे गाळे सर्वांत मोठी बोली लावणाऱ्याला देण्याऐवजी एक-दोन तरी गाळे बचत गटाच्या बायकांना कमी भाड्याने खाणावळीसाठी द्यावेत. भाडे कमी झाले की ते ताटातून वजा होईल आणि तिथे भाजी वाढेल. २०१४ च्या पथविक्रेता कायद्याने शहराशहरांत समित्या नेमायला सांगितले आहे. फळवाले आणि भाकरीवाल्या यांना हटवण्याऐवजी जागा आखून देण्याचे काम त्यांच्याकडून करून घ्यावे.

आणि घरच्यांनी काय करावे? मुलगा-मुलगी शहरात खोली बघत असेल तेव्हा भाड्याच्या आकड्याबरोबर एक प्रश्न विचारा, जवळ डबा देणारी बाई किंवा खाणावळ आहे का? डब्याचे महिन्याचे पैसे हा वायफळ खर्च समजू नका. तुमचे मूल बाहेर खातच असेल तर त्याला एवढे सांगा : दहा किंवा जास्त शाखा असलेल्या हॉटेलांना खाद्यपदार्थापुढे उष्मांक लिहिणे २०२२ पासून बंधनकारक आहे, ते वाच. पेय घ्यायचे तर सर्वांत लहान माप घे आणि साखर वेगळी माग. जेवणाच्या आधी आणि नंतर तासभर चहा-कॉफी टाळ, कारण त्यातले टॅनिन अन्नातले लोह शोषू देत नाही. पांढरट दिसणाऱ्या मुलींनी तर हे नक्की पाळावे. दुपारचे एक जेवण तरी डाळ, भाजी आणि भाकरी-पोळीचे असू दे. आणि तिशी गाठायच्या आत एकदा उपाशीपोटी साखर तपासून घे.

रस्त्यावर कोणती दुकाने यावीत हे आपण ठरवत नाही असे आपल्याला वाटते. पण पालिकेच्या सभेत गाळ्यांच्या लिलावाचा विषय येतो तेव्हा आपल्या वॉर्डाचा नगरसेवक तिथे बसलेला असतो. पुढच्या वेळी तो दारात आला की गटार आणि दिव्यांबरोबर खाणावळीचा गाळाही मागा.