शाळेची हवा एकदां मोजून पाहावी

शाळेचें छप्पर, बाकें व पाणी यांची तपासणी आपण आवर्जून करितों. परंतु ज्या हवेंत मुलें रोज पांच-सहा तास श्वास घेतात ती कोणी तपाशीत नाहीं. या हवेंत रेडॉन नांवाचा वायु असूं शकतो. त्यास रंग नाहीं, वास नाहीं, चवहि नाहीं. खडक व माती यांतील युरेनियमापासून क्रमाक्रमानें रेडियम व रेडियमापासून हा वायु उत्पन्न होतो. जमिनीच्या भेगांतून तो वर येतो. मोकळ्या हवेंत विरून जातो, पण बंद खोलींत सांचतो. त्याचा निम्मा अंश ३.८ दिवसांत विघटन पावतो व त्यापासून होणारे किरणोत्सर्गी कण श्वासावाटे फुप्फुसांत चिकटतात. धूम्रपानाच्या खालोखाल फुप्फुसाच्या कर्करोगाचें हेंच एक प्रमुख कारण होय.

कोणी म्हणेल, नाशिक तर काळ्या पाषाणावर वसलेलें. आपणांस ही भीति कशाला? हा आक्षेप निराधार नाहीं. आपल्या बसाल्ट खडकांत ग्रॅनाइटापेक्षां युरेनियम पुष्कळ कमी असतें. परंतु केवळ खडकावरून खोलीची हवा ठरत नाहीं. भरावाची माती, फरशींतील भेगा व वाऱ्याची ये-जा यांवरहि ती अवलंबून असते. जुन्या वर्गांच्या उंच खिडक्यांतून वारा खेळे. आजचे संगणकवर्ग मात्र गारव्याच्या यंत्रासाठीं दारें-खिडक्या लावून घेतात. अनुमान कितीहि सयुक्तिक असलें तरी तें मोजमाप नव्हे.

मोजणें कठीणहि नाहीं. मुंबईस ट्रॉम्बे येथील भाभा अणुसंशोधन केंद्रानें यासाठीं एक लहानशी डबी तयार केली आहे. तींतील फिल्मेवर अल्फा कणांचे सूक्ष्म ओरखडे उमटतात. डबी सुमारें तीन महिने खोलींत टांगून ठेवितात. मग ते ओरखडे रसायनानें स्पष्ट करून मोजतात. दर सेकंदास एका अणूचें विघटन म्हणजे एक बेकरेल. जागतिक आरोग्य संघटनेनें २००९ सालीं दर घनमीटर हवेस १०० बेकरेल ही पातळी सुचविली. तें न साधल्यास ३०० च्या वर तरी जाऊं नये असें सांगितलें.

म्हणून माझें मत असें कीं, प्रत्येक शाळेनें तळमजल्यावरील बंद खोल्यांत, विशेषतः थंडीच्या महिन्यांत, हें मोजमाप एकदां करवून घ्यावें. प्रमाण अल्प निघालें तर मन निश्चिंत होईल. अधिक निघालें तर भेगा बुजवाव्या, खिडक्या उघडाव्या, फरशीखालील हवा नळीनें बाहेर काढावी.

पालकांस एक विनंति. धूम्रपान करणाऱ्यास याच वायूपासून होणारा धोका कितीतरी पटींनीं वाढतो. शाळेची हवा शाळेनें मोजावी. घरांतील विडीचा धूर मात्र वडीलधाऱ्यांनींच थांबवावा.