गिअरबॉक्सखालचे रबर

मागच्या महिन्यात या सदरात आम्ही मिक्सरच्या कपलरबद्दल लिहिले, त्याआधी नळाच्या वॉशरबद्दल. गाडीच्या कामाबद्दल लिहायचे आम्ही आजवर टाळले होते. नळ चुकला तर पाणी गळते, गाडीखाली चूक झाली तर माणूस जातो. पण या ऑक्टोबरात आमच्याच अंगणात ते काम करावे लागले. त्यात एक चूक होता होता राहिली. ती सांगितली पाहिजे, म्हणून हा लेख.

आमचे घर केळापूरला. बाहेरगावच्या वाचकांना ठाऊक नसेल, तालुक्याचे नाव केळापूर असले तरी तहसील, बाजार, बसस्थानक सगळे पांढरकवड्याला आहे. पूर्वीचा सात नंबरचा आणि आता चव्वेचाळीस म्हणतात तो नागपूर-हैदराबाद हायवे जवळूनच जातो. गाडी म्हणजे मरहूम अब्बांनी घेतलेली मारुती ओम्नी. १९८४ ला ‘मारुती व्हॅन’ म्हणून ही गाडी आली, पुढे तिचे नाव ओम्नी झाले आणि २०१९ ला कंपनीने ती बनवणे बंद केले. आमच्याकडे मात्र ती लग्नाला जाते, दवाखान्यात जाते आणि हंगामात सोयाबीनची पोतीही वाहते. पोती वाहणे चूक आहे हे आम्हाला कळते. तरी वाहतो.

आवाज पहिल्यांदा आपाला आला. आपा, आमची मोठी बहीण, गाडी तीच जास्त चालवते. क्लच सोडला की खालून ‘धप्प’. रिव्हर्स टाकला की पुन्हा ‘धप्प’. सिग्नलला, म्हणजे आमच्याकडे बैलगाडी आडवी आली की, गाडी उभी असताना गिअरची दांडी हातात थरथरायची. एका गॅरेजवाल्याने एक चक्कर मारून सांगितले, “गिअरबॉक्स गेला. उतरवावा लागेल, बारा हजार धरून चला.” चार-पाच दिवस गाडी ठेवावी लागेल, असेही म्हणाला. दिवस होता शुक्रवार. सोमवारी सकाळी अम्मीला मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी सेवाग्रामच्या दवाखान्यात पोहोचायचे होते. ही तारीख आम्ही उन्हाळ्यापासून धरून बसलो होतो.

संध्याकाळी आपाचा मुलगा आला. आयटीआयला मोटार मेकॅनिकच्या दुसऱ्या वर्षाला आहे. त्याने गाडी चालवूनच पाहिली नाही. म्हणाला, “मामू, आधी फाउंडेशन बघू. गिअरबॉक्स उघडायला पैसे लागतात, बघायला लागत नाहीत.”

गॅरेजमध्ये ज्याला फाउंडेशन किंवा माउंटिंग म्हणतात ती वस्तू फार साधी आहे. लोखंडाच्या दोन पट्ट्या आणि मध्ये घट्ट चिकटवलेले जाड रबर. ओम्नीचे इंजिन पुढच्या सीटखाली असते, त्याच्या मागे गिअरबॉक्स आणि तिथून लांब दांडा मागच्या चाकांना फिरवतो. इंजिन आणि गिअरबॉक्स एकमेकांना जोडलेले, पण गाडीच्या सांगाड्याला थेट लोखंडाने कसलेले नाहीत. मध्ये रबर आहे. पुढे इंजिनाच्या बाजूंना आणि मागे गिअरबॉक्सखाली, आडव्या पट्टीवर. हे रबर दोन कामे करते. एवढे वजन पेलते आणि इंजिनाचा थरकाप सांगाड्यापर्यंत जाऊ देत नाही. ओम्नीचे इंजिन तीन सिलिंडरचे, ते चारवाल्यापेक्षा मुळातच जास्त हलते. म्हणून तिच्या रबराला कष्ट जास्त.

ही युक्ती आपल्या आजोबांच्या काळातली. त्याआधी बऱ्याच मोटारींत इंजिन सरळ सांगाड्याला बोल्टने आवळलेले असे आणि बसणाऱ्याचे दात वाजत. १९३१ ला अमेरिकेत क्रायस्लर कंपनीने आपल्या प्लायमाउथ गाडीत इंजिन रबरावर तोलून बसवले, आणि पुढच्याच वर्षी फ्रान्सच्या सित्रोएनने ती पद्धत उचलली. पाण्यावर तरंगणारा हंस ही त्यांची त्या गाड्यांवरची खूण होती. तो हंस आमच्या गाडीखाली मरून पडला होता, एवढेच.

भाच्याने तपासले ते असे. हँडब्रेक ओढला, मागच्या चाकांना दोन्ही बाजूंनी दगड लावले, गाडीच्या पुढे-मागे कोणी उभे राहायचे नाही असे बजावले. आपा स्टिअरिंगवर बसली. शेजारची सीट उचलली की इंजिन दिसते. आपाने ब्रेक दाबून ठेवून पहिल्या गिअरमध्ये क्लच अगदी थोडा सोडला, मग रिव्हर्समध्ये. इंजिन थोडे हलणारच, पण आमचे मागच्या बाजूने उचलून आपटत होते. असाच धप्प आवाज मागच्या दांड्याचा क्रॉस झिजल्यावरही येतो, हे लक्षात ठेवा. म्हणून गाडी बंद करून, दांडा हाताने पुढे-मागे फिरवून जॉइंटमध्ये ढिलाई आहे का तेही त्याने पाहिले. नव्हती.

रबर पांढरकवड्यात मिळाले, पण हातात घेतल्यावर ते दगडासारखे कडक. फार कडक रबर टिकते, पण थरथर सगळी आत सोडते. यवतमाळहून येणाऱ्या नातलगाला सांगून कंपनीचे मागवले. किंमत काही शे रुपये. आरसीवरचा चेसिस नंबर आणि जुन्या रबराचा फोटो दुकानदाराला पाठवला, कारण एकाच नावाच्या गाडीत मॉडेलप्रमाणे भाग बदलतात.

काम रविवारी सकाळी काढले. आदल्या रात्रीच भाच्याने बोल्टवर गंज सुटायचे तेल मारून ठेवले होते. हे विसरू नका. अब्बांच्या काळापासूनचा गंजलेला बोल्ट जोर लावून फिरवला तर तो फिरत नाही, तुटतो, आणि मग घरचे काम घरचे राहत नाही.

आता ती चूक. शनिवारी रात्री परतीचा पाऊस झाला होता. आमचे अंगण काळ्या मातीचे. वरून वाळल्यासारखे दिसते, ऊन पडले की कडकही लागते. आम्ही जॅक लावला, गाडीचा पुढचा भाग उचलला, दोन घोड्या आणायला भाचा वळला. घोडी म्हणजे गाडी उचलल्यावर खाली टेकवायचा लोखंडी तिकाटण्यासारखा आधार. शेजारच्या गॅरेजातून मागून आणल्या होत्या. तेवढ्यात पाना गाडीखाली घरंगळला आणि तो काढायला आम्ही हात नव्हे, खांदा आत घातला. आपा ओरडली. बाहेर आलो आणि पाहिले तर जॅकचा तळ एका बाजूने मातीत रुतत होता, गाडी हळूहळू कलत होती. पडली नाही. अलगद झुकून थांबली. रिकामी ओम्नीसुद्धा पाऊण टनाहून जड असते, आणि आमचा खांदा तिच्याखाली होता.

दहा मिनिटे कोणी काही बोलले नाही. अम्मी ओट्यावर बसून सगळे ऐकत होती, दिसत तिला फार नव्हते. ती एवढेच म्हणाली, “सेवाग्रामला मी एसटीने जाईन. तुम्ही गाडी राहू द्या.”

राहू दिली नाही, पण पुन्हा सगळे पहिल्यापासून केले. गाडी ढकलत बाहेरच्या सिमेंटच्या रस्त्यावर नेली. तिथेही जॅकखाली जाड फळी ठेवली. मागची चारही दगडे पुन्हा घट्ट बसवली. गाडी उचलली, दोन्ही घोड्या सांगाड्याच्या भक्कम जागी टेकवल्या, मग जॅक उतरवून वजन घोड्यांवर सोडले आणि गाडी हाताने जोरात हलवून पाहिली. हलली नाही. तरी पुढची स्टेपनी काढून गाडीच्या पोटाखाली आडवी सरकवून ठेवली, सगळे फसले तरी तेवढी जागा राहावी म्हणून. गाडीबरोबर मिळणारा जॅक हा टायर बदलण्यापुरता असतो. त्याच्या भरवशावर गाडीखाली जायचे नसते. घोड्या नसतील तर हे काम घरी करू नका. विटा तर नकोतच, वीट एका क्षणात फुटते.

बाकीचे काम त्यामानाने सोपे. इंजिन थंड होऊ दिले, बॅटरीची निगेटिव्ह वायर काढली, गिअर न्यूट्रल ठेवला. ज्यांच्या गाडीत गॅसकिट आहे त्यांनी सिलिंडरचा कॉक आधी बंद करावा. घरगुती सिलिंडरवर गाडी चालवणाऱ्यांशी आम्हाला या विषयावर बोलायचेच नाही. गिअरबॉक्सखाली दुसरा जॅक लावला, त्यावर लाकडी ठोकळा. ठोकळा जाड धातूच्या जागी टेकला पाहिजे, तेलाच्या पातळ पत्र्याच्या चेंबरला नाही. जॅक फक्त वजन घेईल इतकाच चढवला. गिअरबॉक्स वर ढकलायचा नाही आणि खालीही लोंबू द्यायचा नाही. लोंबला की स्पीडोमीटरची केबल, गिअरच्या दांडीची जोडणी, सायलेन्सरचा पाइप, सगळ्यांवर ताण येतो.

मग बारा-चौदाच्या पान्यांनी नट सुटले. एक सुटेना, त्याला पुन्हा तेल आणि पाऊण तास. तेवढ्यात चहा झाला, भाच्याचे फोन झाले. आडवी पट्टी उतरली आणि जुने रबर हातात आले. एका बाजूने पट्टीपासून पूर्ण सुटलेले. दुसऱ्या बाजूने फुगून मऊ झालेले, शीरखुर्म्यासाठी रात्रभर भिजवलेल्या खारकेसारखे. बोटाने दाबले तर काळे तेल निघाले.

इथे भाच्याने आम्हाला थांबवले. रबर म्हातारे होऊन तडकते ते वेगळे, हे तेल पिऊन मेले होते. साधे रबर आणि इंजिनतेल यांचे जमत नाही, रबर फुगते आणि सैल पडते. म्हणजे वरून कुठून तरी तेल गळत होते. टॉर्च लावून पाहिले तर गिअरबॉक्सच्या मागच्या टोकाशी, जिथे लांब दांडा आत शिरतो, तिथले सील ओले. नवे रबर घालून आपण खुश होऊ आणि वर्षभरात तेही तसेच होईल. पण सील बदलायला दांडा बाहेर काढावा लागतो, तो काढला की गिअरबॉक्समधले तेल खाली येते, आणि नवे सील सरळ ठोकून बसवणे हा हाताच्या सवयीचा भाग आहे. भाचा म्हणाला, “हे मी एकट्याने कधी केलं नाही, मामू. उद्या अम्मीला न्यायचंय.” एकोणीस वर्षांच्या पोराने ‘मला हे येत नाही’ असे सरळ सांगितले, याचे आम्हाला त्या दिवसातल्या कुठल्याही गोष्टीपेक्षा जास्त बरे वाटले. सील गॅरेजला द्यायचे ठरले, अम्मी परत आल्यावर. तोवर गिअरबॉक्समधल्या तेलाची पातळी पाहून घेतली, कमी झाले होते तेवढे भरले.

नवे रबर बसवण्याआधी ती जागा पुसून कोरडी केली. बोल्ट सगळे आधी बोटांनीच, दोन-तीन आटे. एक बोल्ट पूर्ण आवळला की दुसऱ्याचे भोक जुळत नाही आणि मग माणूस हातोडी शोधतो. सगळे लागल्यावर जॅक हळू उतरवून गिअरबॉक्सचे वजन रबरावर बसू दिले, त्यानंतर कसले. रबर पिळलेल्या अवस्थेत आवळले गेले तर ते पहिल्या दिवसापासून एका अंगाने फाटू लागते. किती आवळायचे याचा आकडा कंपनीच्या पुस्तकात असतो आणि तो मोजणारा पाना गॅरेजात मिळतो. तो आम्ही घोड्यांबरोबरच मागून आणला होता.

गाडी खाली उतरवली तेव्हा जोहरची अजान झाली होती. आपाने गाडी चालू केली, रिव्हर्स टाकला. धप्प नाही. दांडीची थरथर होती, पण ओम्नीला असते तेवढीच.

सोमवारी पहाटे निघालो. करंजी, वडकी, वडनेर, हिंगणघाट. अम्मी मागच्या सीटवर उशी घेऊन. हिंगणघाटला चहाला थांबलो तेव्हा भाच्याने वाकून खालून एक नजर टाकली. ऑपरेशन झाले, तिसऱ्या दिवशी घरी आलो. जाऊन-येऊन अडीचशे किलोमीटरच्या आसपास झाले असतील. आल्यावर बोल्ट पुन्हा पाहिले, एक पाव आटा फिरला. नव्या रबराचे पहिल्या दोनशे-तीनशे किलोमीटरांत असे होते, म्हणून एकदा तपासायचेच.

सीलचे काम पुढच्या आठवड्यात आहे. तोपर्यंत गाडीखाली अम्मीची एक जुनी परात ठेवली आहे. सकाळी ती ओसरीवर येते आणि परातीत किती थेंब पडले ते आता स्वतः मोजून सांगते. आज सकाळी चार होते.